इफेक्टशेठ

लग्न लागतं अर्ध्या तासात. वऱ्हाड पांगतं संध्याकाळपर्यंत. मांडववाला, आचारी, घोडेवाला आणि बँडवाला आठवड्याभरात आपापला हिशोब चुकता करून मोकळे होतात. एकाच माणसाकडे लग्न अजून चालू असतं, तो म्हणजे व्हिडिओचा मिक्सिंगवाला. नवरानवरी महाबळेश्वरला जाऊन येतात, भांडतात, मिटवतात, एखाद्या घरी तर डोहाळजेवणही उरकतं, आणि याच्याकडे अजून हळदच लागत असते. फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "रेंडरला लावलंय."

आमच्या सासुरवाडीचा मिक्सिंगवाला एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत बसतो. त्याचं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण त्या नावाभोवती इतके तारे, इतकी फुलं आणि इतक्या ज्वाळा आहेत की ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. गाव त्याला इफेक्टशेठ म्हणतं. वय पन्नाशीच्या पुढचं, केसांना मेंदी, गळ्यात चेन आणि त्या चेनला बदामाऐवजी पेन ड्राईव्ह. बोलताना माणसाकडे बघत नाही, माणसाच्या चौकटीकडे बघतो. तुम्ही समोर बसलात की तो डोळे बारीक करतो, आणि आपल्याला कळतं, याने आत्ता आपल्याला मनातल्या मनात कमळात बसवलं.

माझी त्याची ओळख 1999 सालची. माझ्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं. खांद्यावर पॅनासोनिकचा एम नाइन थाउजंड, मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या, त्या पोऱ्याच्या मागे वायर आणि वायरीत अडखळणारी म्हातारी माणसं. त्या हॅलोजनच्या उजेडात माझ्या लग्नातले सगळे पाहुणे पोलिसांनी बॅटरी मारून पकडल्यासारखे दिसतात. तेव्हाचं मिक्सिंग म्हणजे दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर मशीन आणि बोटांची चपळाई. एकीकडे प्ले, दुसरीकडे रेकॉर्ड. चुकलं की पुन्हा मागे जायचं. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र दर वेळी थोडं विरतं. आमच्या आईला मिळालेली प्रत तिसऱ्या हातची होती. तिच्यात सगळं लग्न विहिरीच्या तळाशी लागल्यासारखं दिसायचं.

खरी गंमत सासऱ्यांच्या प्रतीत होती. शेठने कॅसेट जुनी वापरली होती. सप्तपदी चालू आहे, सहावं पाऊल पडलं, सातवं पडलं, आणि एकदम पडद्यावर पाळणा. त्यात दुसऱ्याच कुणाचं तरी गुटगुटीत पोर, भोवती बायका, कुणीतरी कानात कुर्र करतंय. पहिल्यांदा बघताना हॉलभर शांतता पसरली. मग सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि सासऱ्यांनी बिलातले हजार रुपये कापले.

पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याला जॉर्ज मेलिएसची गोष्ट सांगितली. 1896 साली पॅरिसमध्ये ऑपेराच्या चौकात हा मनुष्य शूटिंग करत होता. कॅमेरा अडकला. तो सोडवायला मिनिटभर गेलं, तेवढ्यात रस्त्यावरची वाहनं पुढे सरकली. फिल्म धुवून बघतो तर प्रवाशांची बस चालता चालता एकाएकी मयताची गाडी झालेली! त्या अपघातातून मेलिएसला जादूच्या सिनेमाची वाट सापडली आणि त्याचं नाव इतिहासात गेलं. शेठने गोष्ट मन लावून ऐकली. म्हणाला, "बघा. त्यांच्यात बसची मयताची गाडी झाली तर नाव झालं. आमच्यात नवरीची बाळंतीण झाली तर हजार रुपये कापले."

तर गेल्या वर्षी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न झालं. तीन महिने उलटले तरी व्हिडिओ येईना. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही जरा मिक्सिंगला बसा. नाहीतर तो पुन्हा पाळणा घालायचा." जावयाला सासुरवाडीत काम सांगतात ते असलंच. मी बसलो. चार दिवस बसलो.

माडीत खिडकी नाही. भिंतीवर एकीकडे स्वामी समर्थ, दुसरीकडे दादासाहेब फाळके, दोघांना सारख्याच प्लास्टिकच्या माळा. कीबोर्डावर दुधाच्या पिशवीचा कागद ताणून बसवलेला, त्यावरची झेडची जागा तेवढी फाटलेली. सगळं आयुष्य केलेलं परत फिरवण्यात गेलेल्या माणसाचा कीबोर्ड असाच असणार. संगणकात एडियस नावाचं संकलनाचं सॉफ्टवेअर आणि एडियसमध्ये गाण्यांचे तयार प्रोजेक्ट. म्हणजे साचा आधीच केलेला, गाणं भरलेलं, इफेक्ट लावलेले. आपण फक्त आपली नवरी ओतायची. या साच्यातून तालुक्यातल्या किती नवऱ्या बाहेर पडल्या असतील, ते फाळक्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी त्याने सुरुवातीची पाच मिनिटं दाखवली. आकाशातून एक मोर आला. त्याने पिसारा फुलवला. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात नवरीचा एकेक फोटो. मग सोन्याची अक्षरं फिरत फिरत आली आणि जागेवर बसली: शुभविवाद.

"शेठ, ह चा द झालाय."

"हो का?" तो शांतपणे म्हणाला. "अजून कुणी बोललं नाही. हेच टायटल चार लग्नांना गेलंय."

त्यानंतर हळद आली ती पान उलटून आली. पानावर पान, पानावर पान. मग चौकोनी ठोकळा फिरला, त्याच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मामी, आणि तिसऱ्या बाजूला चुकून राहिलेली मागच्या गिऱ्हाइकाची मामी. व्याह्यांची भेट बर्फाच्या डोंगरावर झाली. ते दोघे घामाने निथळत होते आणि मागे बर्फ पडत होतं. नवरदेव पारावरून निघाला तो थेट गुलाबात शिरला. मला भोवळ यायला लागली.

"एवढे इफेक्ट कशाला, शेठ?"

"लक्षात राहायला पाहिजे ना साहेब! साधं दाखवलं तर लोक म्हणतात, हे तर आम्ही मांडवात पण बघितलं."

हा त्याचा मुद्दा मला तेव्हा हास्यास्पद वाटला. आता तितका वाटत नाही, पण ते पुढे.

मी त्याला माझ्या परीने शहाणं करायचं ठरवलं. म्हटलं, सारख्याच गोष्टींच्या रांगेत एक वेगळी असली की नेमकी तीच डोक्यात राहते. हे हेडविग फॉन रेस्टोर्फ नावाच्या जर्मन बाईंनी 1933 साली प्रयोग करून मांडलेलं आहे. तुम्ही दर शॉटला कमळ लावलंत तर कमळ कुणाच्या लक्षात राहील? जो शॉट बिनकमळाचा आहे तोच राहील. शेठने मान हलवली. मग म्हणाला, "पटतंय. मागच्या मार्चच्या लग्नात तसंच झालं. तीन तासांचा व्हिडिओ, पाचशेच्या वर इफेक्ट. एका ठिकाणी लावायचा विसरलो. तिथे गुरुजी मंगलाष्टकांच्या मधल्या श्वासात बाही वर करून घड्याळ बघतात. त्यांना पुढचा मुहूर्त गाठायचा होता. सगळा गाव तेवढंच बोलतो. मोराचं नाव कुणी काढत नाही." मला आनंद झाला. बाईंचा सिद्धांत तालुका पातळीवर सिद्ध झाला होता. पण शेठने त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. "म्हणून आता एकही शॉट मोकळा सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी वॉल्टर मर्च काढला. हॉलिवूडचा नामांकित संकलक, 'द इंग्लिश पेशंट'च्या संकलनासाठी ऑस्कर मिळालेला. त्याने कट कुठे मारावा याचे सहा निकष सांगितलेत आणि त्यांना चक्क टक्के दिलेत. भावनेला 51, कथेला 23, लयीला 10, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला 7, आणि चौकटीतल्या व जागेतल्या दिशांच्या मेळाला मिळून उरलेले 9. मी ते कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, बघा, अर्ध्याहून जास्त एकट्या भावनेला. इफेक्ट हा शब्द यादीत कुठेच नाही.

शेठने बेरीज करून बघितली. शंभर आली. त्याने कागद परत दिला. "आणि मानपानाला?"

"म्हणजे?"

"मानपानाला किती टक्के दिलेत? या साहेबांनी कधी लग्नाचं मिक्सिंग केलेलं दिसत नाही."

आणि मग त्याने खण उघडून एक वही काढली. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तसली. दर लग्नाचं एक पान. प्रत्येक पानावर नावं नव्हे, नाती: थोरली आत्या, मुंबईची मावशी, नवऱ्याचे चुलते (सोसायटीचे चेअरमन), नवरीचा मानलेला भाऊ. पुढे आकडे. वर मथळा होता: 'रुसणारे'.

"शूटिंगच्या आधी मी दोन्हीकडून ही यादी घेतो. पैसे नंतर बोलतो. यातला प्रत्येक माणूस व्हिडिओत आलाच पाहिजे. तीन सेकंदांपेक्षा कमी आला तर म्हणतो दाखवलंच नाही. सातच्या वर गेला तर म्हणतो माझं पोट दाखवलं. चार ते पाच, त्यात बसवायचं. त्यातही दोन जावांना सारखा वेळ. एकीला साडेचार आणि दुसरीला पाच झाले तर मोबाईलवर घड्याळ लावून मोजतात."

मी म्हटलं, "पण लक्षात राहण्याचं काय?"

शेठने खुर्ची माझ्याकडे वळवली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं, चौकटीकडे नाही. "साहेब, लग्नाचा व्हिडिओ कुणाच्या लक्षात राहतो? त्यात जो आहे त्याच्या? छ्या! जो त्यात नाही त्याच्या. तुमच्याच लग्नातल्या मावशी घ्या."

मी गप्प झालो. 1999 साली आमच्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण दिवसभर कोठीघरात होत्या. श्रीखंडाच्या पातेल्याची राखण त्यांच्याकडे होती. कॅसेटीत त्या कुठेच नाहीत. आज ती कॅसेट बुरशीने गेली, व्हीसीआर भंगारात गेला, हॅलोजन धरणारा पोऱ्या स्वतः आजोबा व्हायला आला, पण मावशींची तक्रार अजून लख्ख एचडी आहे. दर दिवाळीला निघते. मर्चच्या यादीत याला टक्के नाहीत, ही त्याच्या अनुभवातली उणीवच म्हटली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी अंतरपाट आला. इथे मी त्या माणसाचं दुसरंच रूप पाहिलं. त्याने गाणं बंद केलं, पंखा बंद केला, चहा बाजूला सारला. कॅमेरे तीन होते. 'सावधान' म्हणतात, अंतरपाट ओढतात, अक्षता पडतात, सगळे टाळ्या वाजवतात. कुणीही टाळ्यांवर कट मारला असता, निदान मी तरी मारला असता. शेठने टाळ्या पुढे ढकलल्या. अंतरपाट सरकतो आणि नवरीचे डोळे अजून खालीच असतात, तो तुकडा त्याने धरला. एकेक फ्रेम पुढे, एकेक फ्रेम मागे. "इथे पापणी मिटतेय. मिटताना कापायचं नाही. उघडायला लागली की कापायचं. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, आता हिला काय दिसणार? मग नवरदेव दाखवायचा." त्याने बारा फ्रेम मागे घेतल्या. सेकंदाच्या पंचवीस फ्रेमच्या हिशोबाने अर्ध्या सेकंदालाही कमी. पुन्हा चालवलं. माझ्या अंगावर काटा आला. ज्या पोरीला मी लंगडी घालताना पाहिलं होतं ती त्या बारा फ्रेममध्ये मोठी झाली.

पापणीच्या उघडझापीचा आणि कटचा संबंध मर्चने पुस्तकात मांडलाय. शेठने मर्च वाचलेला नाही. त्याने नवऱ्या बघितल्यात.

मी म्हटलं, "शेठ, याला हात लावू नका. असंच ठेवा."

"ठेवतो," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत नवरीच्या दोन्ही डोळ्यांतून दोन लाल बदाम काढून नवरदेवाच्या छातीत घातले.

मी चिडलो. इतका भडकपणा कशाला, असं तोंडावर बोललो. तो फाळक्यांच्या फोटोकडे हात करून म्हणाला, "यांनी वाटाण्याचं रोप दाखवलं. रोज थोडं थोडं शूटिंग करून बी रुजतंय, कोंब येतोय, वेल चढतोय, सगळं मिनिटभरात. ते बघून लोकांनी कर्ज दिलं. यांनी केलं की ट्रिक सीन आणि आम्ही केलं की भडक?" याला माझ्याकडे उत्तर होतं. फाळक्यांची युक्ती डोळ्याला एरवी न दिसणारं दाखवत होती, आणि याचे बदाम डोळ्याला दिसणारं झाकत होते. पण उत्तर मला रात्री अंथरुणावर सुचलं. वाद संपल्यावर सुचणारी उत्तरं नेहमीच फार चांगली असतात.

चौथ्या दिवशी, जाता जाता, माझ्या हातून ती चूक झाली. मी त्याला कुलेशॉव्ह सांगितला.

काम जवळजवळ झालं होतं. फोनवर टाकायची उभी रीळ तेवढी राहिली होती. त्या उभ्या चौकटीत दोघं मावेनात म्हणून शेठने नवरदेव कापला होता. ("पैसे मुलीकडून आहेत.") वेळ होता, चहा आला होता, आणि मला शेवटचं एकदा शहाणपण शिकवायची खुमखुमी आली. मी म्हटलं, शंभर एक वर्षांपूर्वी मॉस्कोत लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या माणसाने एका नटाचा चेहरा घेतला. मोझुखिन नावाचा नट. चेहरा अगदी कोरा, त्यावर काही नाही. तो चेहरा त्याने तीन ठिकाणी जोडला. एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलीशेजारी, एकदा कोचावर पहुडलेल्या बाईशेजारी. लोक म्हणाले, काय नट आहे! सूप बघून भूक, पोरीला बघून दुःख आणि बाईला बघून वासना, काय सुरेख दाखवलीय! चेहरा तिन्ही ठिकाणी एकच होता. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडण्यात होता. म्हणून म्हणतो शेठ, इफेक्टची गरजच नाही. नुसतं काय कशाच्या शेजारी ठेवायचं एवढं कळलं तरी पुरतं.

शेठने चहा संपवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "चेहरा अगदी कोरा पाहिजे?"

"अगदी कोरा."

"बरं," तो म्हणाला, आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला.

व्हिडिओ आला. मेव्हण्याच्या हॉलमध्ये पेन ड्राईव्ह टीव्हीला लावून तीसेक माणसं बसली. पहिल्या रांगेत मावशी. शुभविवाद दुरुस्त झालं होतं, मोर होता, बर्फ होतं. रुसणारे आपापले चार-पाच सेकंद घेऊन जात होते आणि खुशीत होते. मावशींना तर सहा सेकंद होते, सोबत कमळ. मग पंगत आली. जिलबीच्या परातीचा क्लोजअप, पाक ओघळतोय. आणि लगेच माझा चेहरा. मी तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलोय, समोर बघतोय. तेव्हा मी गाडी लॉक केली की नाही हे आठवत होतो. चेहऱ्यावर काहीही नाही. पुन्हा जिलबी. पुन्हा मी. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "दाजींचं लक्ष बघा कुठाय!"

पाठवणीत नवरी बापाच्या गळ्यात पडली, आणि तोच चेहरा पुन्हा आला. मावशींनी डोळे पुसले. "जावई म्हणून नाही, मायेचा माणूस आहे," म्हणाल्या. इथवर ठीक होतं. तिसऱ्यांदा तो चेहरा कुणाच्या शेजारी लागला ते मी इथे लिहीत नाही. ती नवरदेवाकडची करवली होती एवढंच सांगतो, आणि त्यावर आमच्या घरी दोन दिवस बोलणी चालली होती. गाडी लॉक केल्याचा मुद्दा मी मांडून पाहिला. चालला नाही.

सबंध तीन तासांत माझ्या वाट्याला एकही कमळ आलं नाही. बदाम नाही, बर्फ नाही, साधं पान उलटणंही नाही. तिन्ही ठिकाणी कोरा, सरळ कट. त्यामुळे सासुरवाडीच्या सगळ्या गोतावळ्याला त्या लग्नातलं तेवढंच आठवतं. पंगतीत वाढपी आता मला न विचारता दोन जिलब्या जास्त वाढतो.

शेठने बिल पाठवलं त्यात शेवटची ओळ वेगळ्या शाईने होती: 'साधा चेहरा, नग तीन, रुपये पाचशे.' मेव्हण्याने ते त्याच दिवशी दिले, कापाकापी न करता.